चीन घ्यावा की व्हिएतनाम? जागतिक व्यापारात शिरलेले दोन देश आणि एका लघुप्रबंधाची निवड

१० डिसेंबर २००१ रोजी अमेरिका आणि व्हिएतनाम यांच्यातला व्यापार करार लागू झाला. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, चीन जागतिक व्यापार संघटनेचा १४३वा सदस्य झाला. दुसऱ्या घटनेवर कपाटं भरतील इतकं लिहून झालंय. पहिली तारीख अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

माझी पुतणी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय ठरलाय, 'उगवत्या अर्थव्यवस्थेचा जागतिक व्यापारव्यवस्थेत प्रवेश'. देश मात्र ठरत नाहीये. मार्गदर्शक म्हणतात चीन घे, तिचं मन व्हिएतनामकडे ओढतंय. "काका, तुम्ही आयात-निर्यातीच्या कागदांत आयुष्य काढलंत, तुम्हीच सांगा," म्हणाली. तिच्यासाठी केलेलं टिपण जरा नीट करून देतोय, कारण याच पेचात दरवर्षी बरीच मुलं असतात. माझा कल एका बाजूला आहे आणि तो वाचताना कळेलच.

रांगेत किती वर्षं

१९४७ साली गॅट, म्हणजे आयात शुल्क आणि व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, झाला तेव्हाच्या २३ मूळ देशांत चीन होता. आपणही होतो. पण १९४९ मध्ये बीजिंगमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि तैवानला गेलेल्या जुन्या सरकारनं १९५० मध्ये चीनच्या नावानं गॅट सोडून दिलं. म्हणून जुलै १९८६ मध्ये बीजिंगनं अर्ज केला तो 'आम्हाला सदस्य करा' असा नव्हता, 'आमची जुनी जागा परत द्या' असा होता. जुनी जागा मिळाली नाही. नव्या माणसासारखं रांगेत उभं राहावं लागलं, तेही १५ वर्षं. मध्ये १९८९ चं तिआनमेन चौकातलं हत्याकांड झालं, १९९५ मध्ये गॅटच्या जागी जागतिक व्यापार संघटना आली. वाटाघाटी करता करता काळे केस पांढरे झाले, असं पंतप्रधान चू रोंगजी म्हणाले होते.

त्यांच्या केसांचा शेवटचा काळेपणा बहुधा १९९९ नं घालवला. एप्रिलमध्ये ते भरघोस सवलती घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि क्लिंटन यांनी सही टाळली. मे महिन्यात नाटोच्या विमानांनी बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर बॉम्ब टाकले, बीजिंगमध्ये अमेरिकी वकिलातीवर दगड पडले. इतकं होऊनही १५ नोव्हेंबरला बीजिंगमध्ये करार झाला. शेवटच्या टप्प्यात चू स्वतः खोलीत येऊन बसले, समोर अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी शार्लिन बार्शेफ्स्की. त्यानंतर मे २००० मध्ये युरोपशी करार, त्याच महिन्यात चीनला कायमचा व्यापार दर्जा देण्यावर अमेरिकी प्रतिनिधिगृहात २३७ विरुद्ध १९७ असं मतदान, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा इथे मंजुरी. नाट्य हवं असेल तर चीनला तोड नाही.

व्हिएतनामची कहाणी शांत आहे. डिसेंबर १९८६ मध्ये पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात 'दोई मोई', म्हणजे नूतनीकरणाचं धोरण. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेनं व्यापारबंदी उठवली. जानेवारी १९९५ मध्ये संघटनेकडे अर्ज, जुलैत आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाचं सदस्यत्व आणि अमेरिकेशी राजनैतिक संबंध. मग १२ वर्षांची रांग आणि ११ जानेवारी २००७ ला १५०वा सदस्य. ज्या देशाशी वीस वर्षांपूर्वी युद्ध संपलं त्याच्याच बाजारपेठेत शिरायचं होतं, म्हणून आवाज न करता चालले असावेत.

त्या दिवशी नक्की काय बदललं?

प्रबंध लिहिणाऱ्यानं हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. सदस्यत्वाची तारीख म्हणजे दार उघडल्याची तारीख, असं आपण गृहीत धरतो. दोन्ही देशांच्या बाबतीत ते चुकतं, आणि दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेनं चुकतं.

चीनचं घ्या. ११ डिसेंबर २००१ ला चिनी मालावरचं अमेरिकी आयात शुल्क जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. कारण १९८० पासून चीनला अमेरिकेत इतर देशांसारखाच शुल्काचा दर्जा मिळत होता. अडचण एवढीच की तो दर्जा एकेका वर्षाचा होता. दर उन्हाळ्यात नूतनीकरण, दर उन्हाळ्यात काँग्रेसमध्ये वाद. नूतनीकरण हुकलं असतं तर १९३० च्या कायद्यातले जुने दर लागले असते, म्हणजे सरासरी शुल्कात तीस टक्के-अंकांहून जास्त वाढ. ते एकदाही हुकलं नाही, पण टांगती तलवार होती. डोक्यावर अशी तलवार असताना वीस वर्षांचा कारखाना कोण उभारेल? जस्टिन पिअर्स आणि पीटर शॉट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हेच दाखवलं: ज्या वस्तूंवर शुल्कवाढीची भीती जास्त होती, त्यांचीच आयात नंतर जास्त वाढली आणि त्याच उद्योगांत अमेरिकेतल्या नोकऱ्या जास्त गेल्या. चीनला सवलत नव्हे, खात्री मिळाली.

व्हिएतनामचं उलट. त्याला अमेरिकेत तो दर्जा नव्हताच, १९३० चेच दर लागत होते. १० डिसेंबर २००१ ला ते एका फटक्यात उतरले. सरासरी शुल्क २३ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांच्या आसपास आलं. पाच वर्षांनी सदस्यत्व मिळालं तेव्हा अमेरिकेत शुल्काचा फारसा फरक उरलाच नव्हता. तेव्हा सुटला तो कपड्यांचा कोटा. २००५ च्या पहिल्या तारखेला सदस्य देशांमधले कापड-कपड्यांचे कोटे संपले. चीन मोकळा झाला, आपण मोकळे झालो. २००३ पासून अमेरिकेच्या कोट्यात अडकलेला व्हिएतनाम मात्र सदस्य नव्हता म्हणून आणखी दोन वर्षं तिथेच राहिला.

(त्या २००५ च्या उन्हाळ्यात युरोपच्या बंदरांत सात-आठ कोटी चिनी कपडे अडकून पडले होते. ब्रुसेल्सनं जूनमध्ये घाईघाईनं मर्यादा घातली, तोवर माल जहाजावर चढलेला. असा प्रसंग प्रबंधाच्या प्रस्तावनेत शोभतो.)

'प्रवेशाचा परिणाम' मोजायचा असेल तर व्हिएतनाम हे जास्त स्वच्छ उदाहरण आहे. एक तारीख, एक मोठी बाजारपेठ, शुल्कात ढळढळीत घट. चीनमध्ये मोजायची गोष्ट 'भीती कमी होणं' ही आहे. ती मोजता येते, पण त्यासाठी संख्याशास्त्राची चांगली बैठक हवी.

दारावर मोजलेली किंमत

इथे मात्र चीनची कहाणी अधिक भरलेली आहे, आणि माझ्या मते चीनचा प्रबंध लिहायचाच तर याच भागावर लिहावा.

बहुतेकांना वाटतं, चीन फुकटात आत आला. प्रवेशाचा करारनामा उघडून पाहिलेल्या कुणालाही असं वाटणार नाही. सगळ्या वस्तूंच्या शुल्काला वरची मर्यादा, सरासरी १५.३ टक्क्यांवरून ९.८ वर. मोटारींवरचं ८० ते १०० टक्के शुल्क २००६ च्या मध्यापर्यंत २५ वर. शेतीच्या अनुदानाची सूट विकसनशील देशांना उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्के असते, आपल्यालाही तीच आहे. चीनला साडेआठवर मानावं लागलं. पहिली आठ वर्षं दरवर्षी झाडाझडती. केंद्र पातळीवरचे २,३०० हून जास्त कायदे-नियम तपासून दुरुस्त केल्याचं चीन सरकार सांगतं. सोयाबीनवर शुल्क फक्त ३ टक्के. चीनची सोयाबीन आयात २००१ मध्ये सुमारे १.४ कोटी टन होती, २०१७ मध्ये ती साडेनऊ कोटींच्या घरात गेली. लातूरच्या आडतीत चीनच्या खरेदीची बातमी कान देऊन ऐकतात त्याचं मूळ या कागदांपर्यंत नेता येतं.

याखेरीज करारनाम्यातली दोन कलमं खास चीनसाठी होती. कलम १६ नं १२ वर्षांपर्यंत कोणत्याही देशाला फक्त चिनी मालाविरुद्ध संरक्षक शुल्क लावायची मुभा दिली. त्याचाच आधार घेऊन ओबामांनी सप्टेंबर २००९ मध्ये चिनी टायरांवर ३५ टक्के शुल्क लावलं. आणि कलम १५, ज्यामुळे १५ वर्षं चीनला 'बिगर-बाजार अर्थव्यवस्था' मानता येणार होतं.

हे दुसरं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. एखादा देश घरच्या भावापेक्षा स्वस्तात परदेशात माल ओततो का, म्हणजे डम्पिंग करतो का, हे पाहायला त्याचा घरचा भाव बघतात. पण देश बिगर-बाजार ठरला की त्याचा घरचा भाव खरा मानतच नाहीत. त्याऐवजी तशाच कुवतीचा तिसरा देश निवडतात आणि तिथल्या दरांनी हिशेब मांडतात. अमेरिकेच्या खटल्यांत बरीच वर्षं चीनसाठी हा तिसरा देश बहुतेक वेळा भारत असायचा. म्हणजे चीनमधल्या पलंगाचं लाकूड किती महाग पडलं असतं, हे भारतातल्या दरांवरून ठरायचं! आपल्या आकडेवारीनं चिनी कारखानदाराचं शुल्क ठरतंय, हे आपल्याकडे कितीजणांना माहीत होतं?

व्हिएतनामलाही हीच चिठ्ठी चिकटली, ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत. चिकटण्याआधीच तिचा चटकाही बसला होता, तो बासाचा. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत पांढऱ्याशुभ्र, काटा नसलेल्या तुकड्यांचा जो बासा मिळतो तो मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या तळ्यांतून येतो. (पापलेट खाऊन वाढलेल्या माणसाला त्यात काय चव लागते, हा वेगळा प्रश्न.) २००१ च्या करारानंतर हा मासा अमेरिकेत झपाट्यानं खपू लागला. तिथल्या मत्स्यपालकांनी आधी कायदाच करून घेतला की अमेरिकी जातीलाच 'कॅटफिश' म्हणता येईल. नाव बदलूनही मासा खपत राहिला, तेव्हा २००३ मध्ये ३७ ते ६४ टक्क्यांपर्यंत अँटी-डम्पिंग शुल्क बसवलं. तिसरा देश म्हणून निवडला बांगलादेश. करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. शुल्क उतरवण्याच्या कागदावर सही झाली तरी दुसऱ्या कागदानं ते परत चढवता येतं, हे या एका माशावर शिकवता येईल.

बाकी व्हिएतनामच्या अटी सौम्य होत्या. शुल्काची सरासरी १७.४ वरून १३.४ वर, काही वर्षांत विभागून. चीनसारखं खास संरक्षक कलम नाही. अमेरिकेनं फक्त कपड्यांच्या आयातीवर पाळत ठेवली, तीही २००९ च्या सुरुवातीला संपली.

कलम १५ च्या मुदतीचं पुढे काय झालं, ते दोन्हीकडे सारखंच निघालं. ११ डिसेंबर २०१६ ला चीनची मुदत संपली. अमेरिका-युरोपनं दर्जा बदलला नाही. चीननं दुसऱ्याच दिवशी तक्रार दाखल केली, आणि २०१९ मध्ये निकालाआधीच ती थांबवली. व्हिएतनामची मुदत संपली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेनं पुन्हा नकारच दिला. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण यावर बेतता येईल.

आत आल्यावर

चीनची निर्यात २००१ मध्ये २६६ अब्ज डॉलर होती, २००८ मध्ये १,४३० अब्ज. २००९ मध्ये तो जगातला सर्वात मोठा निर्यातदार झाला. हे आकडे सगळ्यांकडे असतात. कमी बोललं जातं ते याच्या आधीच्या वर्षांबद्दल. १९९८ ते २००३ या काळात सरकारी कारखान्यांतून अडीच कोटींहून जास्त कामगार घरी बसवले गेले, त्याची मोठी झळ ईशान्येच्या जुन्या औद्योगिक पट्ट्याला बसली. मुंबईत गिरण्या बंद पडलेल्या घरांतल्या माणसाला हा आकडा वाचताना काही समजवावं लागत नाही. चू रोंगजींना संघटना हवी होती त्याचं एक कारण मला हेच वाटतं. घरातल्या सरकारी उद्योगांना, त्यांच्या पाठीशी असलेल्या प्रांतिक पुढाऱ्यांना हलवायचं होतं. ते पक्षाच्या बैठकीत जमत नव्हतं, जिनिव्हाच्या, म्हणजे संघटनेच्या, कागदाचा धाक दाखवून जमलं.

चीनच्या प्रवेशाचा दुसरा अर्धा भाग चीनबाहेर आहे. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांच्या २०१३ च्या अभ्यासापासून 'चीनचा धक्का' हा शब्दच रूढ झाला. पुढच्या एका अभ्यासात १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे अमेरिकेत २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज आला. फर्निचर, खेळणी, कपडे यांची गावंच्या गावं.

व्हिएतनामनं कुणाला असा धक्का दिला नाही. दहा कोटींचा देश, आकारच तेवढा नाही. उलट पहिल्या दोन वर्षांत त्यालाच धक्का बसला: परदेशी पैसा धो धो आला, २००८ मध्ये महागाई २३ टक्क्यांवर गेली, आणि स्वस्त कर्जावर फुगलेला सरकारी जहाजबांधणी समूह विनाशिन २०१० मध्ये ६० कोटी डॉलरच्या कर्जाचा हप्ता चुकवून बसला. सदस्यत्व मिळूनही सरकारी उद्योगाला शिस्त लागतेच असं नाही.

तरीही निर्यात २००७ च्या ४८ अब्जांवरून २०२२ मध्ये ३७१ अब्जांवर गेली. ती कोण करतं, हे बघा. जवळपास सत्तर टक्के किंवा जास्त निर्यात परदेशी मालकीच्या कंपन्यांची. सॅमसंगनं २००९ मध्ये बाक निन्ह प्रांतात फोन बनवायला सुरुवात केली, आणि पुढे काही वर्षं देशाच्या एकूण निर्यातीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त एकट्या त्या कंपनीचा होता. इथे चीनशी तुलना करताना एक घाई टाळा. २००५ च्या सुमारास चीनचीही निम्म्याहून जास्त निर्यात परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांचीच होती. नंतर तो वाटा घसरत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला, देशी कंपन्यांनी जागा घेतली. व्हिएतनाममध्ये तो चढतच गेला. हे का झालं, हा एकच प्रश्न दोन देशांच्या तुलनेला पुरेसा आहे. मला विचाराल तर प्रबंध यावरच लिहावा.

व्हिएतनामनं नंतर करारांवर करार जोडले. प्रशांत महासागरी करार २०१९, युरोपशी ऑगस्ट २०२०, आरसेप हा आशिया-पॅसिफिक देशांचा करार जानेवारी २०२२. त्याच आरसेपमधून आपण ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये बाहेर पडलो, दूधवाल्यांपासून पोलादवाल्यांपर्यंत सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आपली गंमत अशी की आपण दारावर कधी उभेच राहिलो नाही, १९४७ पासून घरातच होतो. आपली दारं उघडली ती खटला हरल्यावर: अमेरिकेनं केलेल्या तक्रारीनंतर शेवटच्या ७१५ वस्तूंवरचे आयात निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले. चीननं त्याच वर्षी दारात सही करून जे दिलं, ते आपल्याला हरून द्यावं लागलं. तुमचा प्रबंध भारतीय वाचकासाठी असेल तर हा धागा हातचा सोडू नका.

सामग्री

पटकन सांगतो. दोन्ही देशांची प्रवेशाची मूळ कागदपत्रं इंग्रजीत आणि खुली आहेत, करारनामा लहान असतो, वाटाघाटी करणाऱ्या कार्यगटाचा अहवाल जाडजूड. अहवाल वाचायला कंटाळा येतो पण सगळी भांडणं त्यातच असतात. चीनवर वाङ्मय इतकं आहे की सहा महिने वाचनातच जातात आणि नवं काय म्हणायचं ते सुचत नाही. व्हिएतनामवर कमी, पण नेमकं. तिथली कुटुंब पाहणी चांगली आहे. तिच्या आधारे ब्रायन मॅक्केग यांनी २०११ मध्ये दाखवलं की अमेरिकी शुल्ककपातीचा लाभ ज्या प्रांतांतल्या उद्योगांना जास्त मिळाला, तिथे गरिबी जास्त वेगानं घटली. पुढे त्यांनी आणि नीना पावच्निक यांनी घरगुती धंद्यांतून कारखान्यांकडे सरकलेल्या कामगारांचा माग काढला. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांबद्दल जो प्रश्न आपण नुसता चर्चेत घेतो, तो तिथे आकड्यांनी तपासलाय.

मग कुणी काय घ्यावं

कायद्यात, वाटाघाटीत, राजकारणात रस असेल तर चीन. पण पूर्ण चीन नको. फक्त कलम १५ आणि १६ घ्या, मुदत संपेपर्यंत त्यांचं काय झालं तेवढं लिहा. शंभर पानांना पुरून उरेल. जगावर काय परिणाम झाला हे लिहायचं असेल तरी चीनच, मात्र मार्गदर्शक संख्याशास्त्रात पक्के आहेत का ते आधी पाहा. माणसांवर, प्रांतांवर, नोकऱ्यांवर काय झालं हे मोजायचं असेल तर व्हिएतनाम, आणि सुरुवात २००७ पासून नव्हे, १० डिसेंबर २००१ पासून. वेळ एकाच सत्राचा असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन.

दोन्ही देश निम्मे-निम्मे घेऊ नका. पुतणीचा तोच विचार होता. तिला म्हटलं, दोन चुलींवर दोन भांडी ठेवशील तर एक करपणारच. ती आता व्हिएतनाम करतेय. पहिल्या प्रकरणाचं नाव तिनं बासा ठेवलंय, मार्गदर्शकांनी अजून ते पाहिलेलं नाही.